सांतियागोच्या दफनभूमीतले पतंग

ग्वातेमालात सांतियागो साकातेपेकेस आणि सुंपांगो अशी दोन गावं आहेत. तिथले काक्चिकेल माया लोक दर वर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, आपल्या गेलेल्या माणसांसाठी पतंग उडवतात. गेल्या नोव्हेंबरात मी, माझी आई आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा तिथे जाऊन आलो. परत आल्यावर ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या मराठी लोकांनी बरंच विचारलं. वयस्कर माणसाला नेता येतं का, शाकाहारी माणसाने काय खायचं, दोन्ही गावं एका दिवसात होतात का. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आम्ही मूळ येवल्याचे. येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. बाबा पतंग स्वतः बांधायचे. कामट्या तासण्यापासून कण्णी बांधण्यापर्यंत सगळं त्यांचं, आणि दोरा गुंडाळायची आसारी धरायला आई. २०२१च्या मे महिन्यात कोविडमध्ये बाबा नाशिकच्या दवाखान्यात वारले. तेव्हा अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते. मी गेले असते तर परत कधी येता आलं असतं सांगता येत नव्हतं, आणि मुलगा लहान होता. दहाव्याला मी व्हिडिओवर होते. आवाज सारखा तुटत होता.

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. मुलाने शाळेच्या स्पॅनिशच्या तासाला या पतंगांचा व्हिडिओ पाहिला आणि घरी येऊन आजीला दाखवला. आईने तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "हे इथून लांब आहे का गं?" ह्यूस्टनहून ग्वातेमाला सिटीला विमान थेट जातं, तीनेक तासांत पोहोचतं. मी तिकिटं काढली.

आईचा पासपोर्ट भारतीय, त्यावर अमेरिकेचा चालू व्हिसा. त्या व्हिसावर तिला ग्वातेमालात प्रवेश मिळाला, वेगळा व्हिसा लागला नाही. पण असले नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी त्यांच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या, आणि परत अमेरिकेत शिरताना काय लागेल तेही विचारून ठेवा.

मुक्काम आंतिग्वा या जुन्या शहरात केला. दगडी रस्ते, बुटकी रंगीत घरं, आणि दक्षिणेला आग्वा ज्वालामुखी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे खोल्या मिळत नाहीत, आम्ही खोली ऑगस्टमध्येच राखून ठेवली होती. दोन्ही गावं आंतिग्वापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत आहेत. एरवी पाऊण तासाचा रस्ता. एका स्थानिक प्रवासी कंपनीकडे सकाळी सांतियागो, दुपारी सुंपांगो आणि संध्याकाळी परत अशी सहल होती. व्हॅनमध्ये आईसाठी पुढची सीट देऊ असं त्यांनी कबूल केलं होतं. पैसे आधी भरले.

१ तारखेला सकाळी सहाला निघायचं होतं. व्हॅन सातनंतर आली. पुढची सीट गाईडने घेतलेली होती, आई मागे चेपून बसली. हवा चांगलीच गार होती. हा भाग समुद्रसपाटीपासून पंधराशे ते दोन हजार मीटरवर आहे, तेव्हा सकाळी स्वेटर लागतो आणि दहानंतर ऊन चटके देतं. टोपी आणि स्वेटर दोन्ही घ्या.

महामार्गावर वाहनं खोळंबली होती. राजधानीतून येणारे लोक, रंगवलेल्या जुन्या शाळेच्या बस, छोटे ट्रक, सगळे त्याच एका फाट्यावर. शेवटी गाईडने आम्हाला गावाबाहेरच उतरवलं आणि पुढे चालत जायचं म्हणाला. चढाचा रस्ता होता. आईचा गुडघा दुखरा आहे, पण तिच्यासाठी कोणी थांबलं नाही, सहलीतले बाकीचे पुढे निघून गेले. आम्ही तिघं हळूहळू चाललो. त्याचा एक फायदा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा बाजार नीट पाहता आला. भाजलेली कणसं, उकडलेले हरभरे, गुळाच्या पाकात शिजवलेला भोपळा, मुलांसाठी छोटे पतंग आणि झेंडूच्या राशी.

झेंडू पाहून आई थांबलीच. पिवळे आणि केशरी, आपल्याकडे दसऱ्याला मिळतात तसेच. हे फूल मूळचं याच भागातलं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे ते नंतर आलं, असं मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. "आपल्या देवाचं फूल आहे ते," ती म्हणाली, आणि एक जुडी घेतली. इथे ते थडग्यांवर वाहतात.

दफनभूमीच्या फाटकाशी मात्र आई अडखळली. आमच्या घरात बायका स्मशानात जात नाहीत. बाबांच्या वेळी तर कोणालाच जाऊ दिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, नको वाटत असेल तर आपण बाहेरच बसू. ती काही बोलली नाही. तेवढ्यात एक म्हातारी बाई, अंगात विणलेला नक्षीचा ब्लाउज, डोक्यावर फुलांची पाटी, नातवाचा हात धरून आमच्या शेजारून आत गेली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि तीही चालू लागली. कोणाला घेऊन जाणार असाल तर ही गोष्ट घरी आधी बोलून घ्या. फाटकापर्यंत येऊन परत फिरणं दोघांनाही जड जाईल.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काही सुधरत नाही, इतकी माणसं असतात. दफनभूमी उतारावर आहे. श्रीमंतांची थडगी सिमेंटची, गडद रंगांनी नुकतीच रंगवलेली. पण बरीचशी मातीचे उंचवटे आहेत. लोक ते मातीने पुन्हा आकारात आणतात, गवत उपटतात, वर पाइनच्या हिरव्या सुया पसरतात आणि फुलं मांडतात. घरची माणसं भोवती बसून जेवत असतात. मुलं थडग्यांवर उभी राहून पतंग उडवत असतात आणि त्यांना कोणी रागवत नाही. कोणी रडतानाही दिसतं, पण शेजारी कोणीतरी आइसक्रीम खात असतं.

आम्ही पाहुणे, म्हणून थडग्यांमधल्या अरुंद वाटेनेच चाललो. बरेच परदेशी लोक फोटोसाठी थडग्यांवर चढत होते. घरच्या पोरांनी चढणं वेगळं, आपण चढणं वेगळं. एका तरुण मुलीने एका माणसाला हात जोडून खाली उतरायला सांगितलं, तिच्या आजोबांचं थडगं होतं ते.

एका कुटुंबाने आम्हाला बसायला जागा दिली. आईने गुडघ्यावर हात ठेवलेला पाहून त्यांनीच प्लास्टिकचं स्टूल पुढे केलं. मुलाचं शाळेचं स्पॅनिश इथे फार कामाला आलं. ते आपसात काक्चिकेल बोलत होते, आमच्याशी स्पॅनिश. थडगं त्यांच्या आईचं. दोन-तीन दिवस आधीपासून येऊन साफसफाई केली होती. आजच्या दिवशी आत्मे घरच्यांना भेटायला येतात, पतंगाच्या दोऱ्याने त्यांच्याशी बोलता येतं, असं त्यातल्या मोठ्या बहिणीने सांगितलं. पतंगाच्या कडेला कागदाच्या झिरमिळ्या असतात. वाऱ्यात त्या घुंऽऽ असा आवाज करतात. त्या आवाजाने वाईट आत्मे दूर पळतात आणि चांगल्यांना शांतता मिळते, असंही ती म्हणाली. दोन्ही गोष्टी तिने अगदी सरळ सांगितल्या, आपल्याकडे काकस्पर्शाबद्दल सांगतात तशा.

तिने आईला पाकातला भोपळा दिला. आईला साखरेचा त्रास आहे, तरी तिने दोन घास खाल्ले. नाही म्हणायची वेळ नव्हती ती. त्या दिवसाचं मुख्य जेवण म्हणजे फिआंब्रे, थंड कोशिंबिरीसारखं पण त्यात मुरवलेल्या भाज्यांबरोबर हॅम, सॉसेज, कोंबडी, चीज असं सगळं. शाकाहारी माणसाने आधी विचारावं. वाटाणे-घेवडे ज्यात दिसतात त्या पदार्थातही कधी चरबी घालतात. आम्ही कणसं, मक्याच्या गरम पोळ्या, फळं आणि घरून नेलेल्या दशम्या यांवर दिवस काढला.

मग त्या बहिणीने मुलाला विचारलं, तुमचं कोणी आहे का? मुलाने आजीकडे पाहून सांगितलं, आजोबा. ती उठली आणि भावाकडून एक छोटा पतंग घेऊन आली. षटकोनी, तीन रंगांच्या कागदाचा, खाली चिंध्यांची शेपटी. आईने तो हातात घेऊन उलटा केला, कण्णी पाहिली आणि सोडून पुन्हा बांधली. तिला वरचा दोरा लांब वाटला होता. भावाने हसून मान हलवली. मुलगा पळाला, पतंग चढला. दोरा आईच्या हातात दिला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला, आसारी धरायची सवय होती तिला. ती बाबांशी काय बोलली मला माहीत नाही. मी थोडी लांब जाऊन उभी राहिले होते. मलाही काही सांगायचं होतं, पण आधी तिला बोलू द्यावं असं वाटलं. नंतर माझ्या हातात दोरा आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, की मी आले आहे.

तिथे कोणी कोणाचा पतंग कापत नाही. साधा दोरा, काचेचा मांजा नाही. आपल्याकडे नायलॉन मांजावर बंदी असूनही दर संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या येतात. आईने दोऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, असा असायला हवा.

मोठे पतंग दफनभूमीच्या एका बाजूला उभे होते. फोटोत पाहून त्यांच्या आकाराचा अंदाज येत नाही. पंधरा-वीस मीटर व्यासापर्यंतचे असतात ते. असले मोठे पतंग उडवत नाहीत, दोरखंड आणि लांब बांबू लावून डझनावारी पोरं ते उभे करतात आणि वाऱ्याला तोंड देत ठेवतात. उडतात ते मधल्या मापाचे. सांगाडा बांबूचा आणि अंगावर पातळ रंगीत कागद, आपल्या पतंगी कागदासारखाच. रंग लावत नाहीत. सगळं चित्र कागदाचे तुकडे कापून, एकावर एक चिकटवून तयार होतं. म्हणून ऊन मागून आलं की ते रंगीत काचेसारखं दिसतं. खळ युका या कंदाच्या पिठाची, त्यात लिंबाची साल. गट महिनोन् महिने रात्री काम करतात, कारण दिवसा प्रत्येकाचा कामधंदा असतो. पूर्वी हे काम पुरुषांचंच होतं, आता बायकांचेही गट आहेत. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने पतंग बनवण्याच्या या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मी त्या पतंगांवरच्या चित्रांसमोर बराच वेळ उभी होते. एकावर मका हातात घेतलेली म्हातारी होती, एकावर तोडलेलं जंगल, एकावर नाव नसलेले चेहरे. ग्वातेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या आयोगाने ज्यांची ओळख पटवली त्यांतले दहातले आठ जण माया होते. ज्यांची कबरच नाही त्यांच्या घरच्यांनी कुठे फुलं वाहायची? त्या चेहऱ्यांच्या पतंगापाशी एक बाई पाइनच्या सुयांची ओंजळ जमिनीवर ठेवून गेली. मुलाने मला विचारलं, नाहीशी झाली म्हणजे कुठे गेली. मी त्याला जमेल तेवढं सांगितलं. आईने मध्येच म्हटलं, "आपल्याला निदान कळलं तरी." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

एक सावधगिरी. या मोठ्या पतंगांच्या पुढे किंवा दोरांच्या आत उभे राहू नका. अकराच्या सुमारास वाऱ्याचा जोर वाढला आणि एका पतंगाचा वरचा भाग मोडून कलंडला. पोरांनी दोर सोडले नाहीत, लोकही पटकन मागे झाले, कोणाला लागलं नाही. पण त्या सांगाड्यातले बांबू मनगटाएवढे जाड असतात. गटाची पोरं काही न बोलता मोडक्या भागाशी गेली आणि फाटलेला कागद गोळा करू लागली. परंपरेप्रमाणे दिवस संपल्यावर पतंग जाळून त्यांची राख पुरतात, त्यामुळे टिकवायचा म्हणून तो कोणी करत नाही. तरी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

आम्हाला तिथेच थांबायचं होतं. पण सहलीच्या वेळेप्रमाणे बाराला निघावं लागलं. सुंपांगोला पोहोचायला पावणेदोन तास लागले. तिथला उत्सव दफनभूमीशेजारच्या मैदानावर होतो. पतंग सांतियागोपेक्षाही मोठे, स्पर्धा असते, माइकवरून सतत निवेदन चालू असतं, संगीत असतं. पाहण्यासारखं नक्कीच आहे. दुपारी मधल्या मापाचे पतंग दोर धरून पळत उडवतात तेव्हा अख्खं मैदान ओरडतं, आणि पोर जेव्हा पतंग मोकळा चढवतं तेव्हा मला येवल्याच्या संक्रांतीतल्या हलकडी या वाद्याचा आवाज आठवला. पण आई दमली होती. बसायला सावली नव्हती. स्वच्छतागृहाला लांब रांग, तिथे सुट्टे पैसे लागतात आणि कागद आपला न्यावा लागतो. केत्साल या तिथल्या चलनाच्या सुट्ट्या नोटा खिशात ठेवाच, उत्सवात कार्ड चालत नाही.

खरा त्रास परतताना झाला. चार वाजता एका पेट्रोल पंपापाशी जमायचं ठरलं होतं. पोलिसांनी गर्दीमुळे तो रस्ताच बंद केला होता. पंपावर व्हॅन नाही, गाईड नाही. माझ्या अमेरिकन फोनला नेटवर्क मिळेना, हजारो लोक एकाच वेळी फोन लावत होते. आम्ही तासभर उभे राहिलो. आईला घाम फुटला आणि हात थरथरायला लागले तेव्हा मी घाबरले. तिच्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. तोवर मुलगा समोरच्या किराणा दुकानात जाऊन बाईंना सांगून आला होता. त्यांनी आईला आत घेऊन बसवलं, पाणी दिलं, पोळी दिली.

व्हॅनवाल्याचा नंबर मी सकाळी कागदावर लिहून घेतला होता. तो उपयोगी पडला. दुकानातल्या बाईंनी त्यांच्या फोनवरून त्याला लावला. तो महामार्गावर थांबून होता, आत येऊ देत नव्हते, आणि आम्हाला कळवायची जबाबदारी गाईडची, असं म्हणाला. बाईंनी पुतण्याला हाक मारली. तो रिक्षा घेऊन आला. आईने पुढचं नाव वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. बजाज. ग्वातेमालातल्या गावोगावी याच रिक्षा चालतात. त्याने आम्हाला मागच्या गल्ल्यांतून महामार्गापर्यंत नेलं. पैसे घेईना, शेवटी मुलाच्या हातून दिले.

आंतिग्वाला पोहोचायला रात्रीचे साडेआठ झाले. स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय आई अन्नाला हात लावणार नव्हती. नळाला गरम पाणी येत नव्हतं, तिने गारच पाण्याने केली आणि मग दशमी खाल्ली. प्रवासी कंपनीला मी दुसऱ्या दिवशी सगळं लिहून पाठवलं. निम्मे पैसे परत मिळाले.

सकाळी आईची साखर तपासली, ठीक होती. तिने आपणहून विचारलं, "त्या बाईला तिच्या आईच्या थडग्याचा फोटो पाठवता येईल का?" आम्ही काढलेले फोटो मुलाने त्यांच्या भावाच्या नंबरवर पाठवले. उत्तर आलं, पुढच्या वर्षी जागा ठेवतो म्हणून.

कोणी विचारलंच तर माझं मत असं. वयस्कर माणसाला न्या, पण दोन गावांची सहल घेऊ नका. खासगी गाडी आणि चालक दिवसभरासाठी ठरवा, पहाटे पाचला निघा, म्हणजे रस्ता बंद व्हायच्या आत दफनभूमीजवळ उतरता येतं. विमानतळावरच तिथलं सिम घ्या. दुमडायचं स्टूल न्या. फुलं तिथल्या बाजारातूनच घ्या आणि फोटो काढण्याआधी विचारा. स्पॅनिश येणारं एक माणूस बरोबर असलं तर फार फरक पडतो. आणि एकच गाव निवडायचं असेल तर सांतियागो निवडा, सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच राहा.